निवाडा करण्याआधी: एक वाक्य तपासायची रीत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात एक वाक्य सकाळपासून फिरत होतं. "पाणी काही उंबऱ्याच्या आत यायचं नाही." आमचे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ओट्यावर उभे राहून ते म्हणाले. २००५ च्या पुरात आमच्या वरच्या दोन पायऱ्या कोरड्या राहिल्या होत्या, आणि ती खूण त्यांनी भिंतीवर करून ठेवली होती. मी मान डोलावली. शेजारच्या वहिनींनी ऐकलं आणि आपल्या घरी जाऊन सांगितलं. रात्री पाणी आत आलं, गुडघ्याच्या वर चढलं. आम्ही माणसं माडीवर सुखरूप होतो, पण खालच्या कपाटाचे तळाचे दोन कप्पे पुस्तकांसकट गेले.

मी तर्कशास्त्र शिकवते. पुढे कितीतरी दिवस चिखल काढताना मनात एकच प्रश्न घोळत होता: त्या वाक्याला मी 'हो' कधी म्हटलं? कुणी मला विचारलं नव्हतं, मी काही पडताळलं नव्हतं, तरी दुपारपर्यंत ते माझं मत होऊन बसलं होतं. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात या 'हो' म्हणण्यावर दोन हजार वर्षांहून जास्त काळ विचार झाला आहे. तो विचार मी वर्गात प्रकरणाप्रकरणाने शिकवत होते. कामाला लावला नव्हता. खाली जी रीत देते आहे ती त्या पुरानंतर मी स्वतःसाठी बसवली. एक वही, एक पेन आणि पंधरा-वीस मिनिटं एवढंच लागतं.

आधी शब्दाकडे बघू. आपण तांदूळ निवडतो म्हणजे खडा वेगळा काढतो, आणि त्याच 'निवडणे'पासून 'निवाडा' आला. ग्रीक भाषेतही निवाड्याचं क्रियापद मुळात वेगळं करणं, निवडणं याच अर्थाचं आहे. म्हणजे निवाडा ही एक क्रिया आहे. वाक्य एक गोष्ट, वाक्यातला आशय दुसरी, आणि त्या आशयाला आपण दिलेली मान्यता ही तिसरी. या तिन्ही एकमेकींत मिसळल्या की माझ्यासारखी पुस्तकं भिजतात.

वाक्य कागदावर उतरवा, आणि ते विधान आहे का बघा

डोक्यात असताना वाक्य सारखं रूप बदलतं. सकाळी 'येणार नाही' असतं, दुपारी 'फारसं येणार नाही' होतं, संध्याकाळी 'आलं तरी ओट्यापर्यंत' होतं, आणि आपल्याला वाटतं आपण एकाच मतावर ठाम आहोत. म्हणून शब्दशः लिहा.

मग ॲरिस्टॉटलची कसोटी लावा. प्रत्येक वाक्य विधान नसतं. जे खरं किंवा खोटं असू शकतं तेच विधान. प्रार्थना हेही वाक्यच आहे, पण ती खरीही नसते आणि खोटीही नसते, हे त्याने स्वच्छ सांगून ठेवलं आहे. अण्णांचं वाक्य मी वहीत लिहिलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्यात अर्धी प्रार्थना होती. 'येऊ नये' हे 'येणार नाही'चा सदरा घालून आलं होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात हे फार होतं आणि ते मायेपोटीच होतं. 'काही होत नाही गं' हा धीर असतो. धीर म्हणून तो घ्यावा, माहिती म्हणून घेऊ नये.

वाक्य उद्याबद्दल असेल तर आणखी जपून. 'उद्या आरमारी लढाई होईल' हे वाक्य आज खरं आहे की खोटं, हा प्रश्न ॲरिस्टॉटलनेच उभा केला आणि त्यावर अजून वाद चालू आहे. आपल्या कामापुरतं एवढं करा: उद्याचं वाक्य आजच्या वाक्यात बदला. 'पाणी येणार नाही' याऐवजी 'आत्ता जे माहीत आहे त्यावरून पाणी येण्याचं कारण दिसत नाही.' हे वाक्य आज तपासता येतं.

कशाबद्दल, काय, आणि किती

शाळेतलं उद्देश्य आणि विधेय आठवा. कशाबद्दल बोलतो आहोत आणि त्याबद्दल काय म्हणतो आहोत, ते वेगळं लिहा. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, हेच विशेष्य आणि प्रकार या शब्दांत मांडतात. 'तर्कसंग्रह' लिहिणाऱ्या अन्नंभट्टाची यथार्थ ज्ञानाची व्याख्या आहे: तद्वति तत्प्रकारकोऽनुभवः. ज्यात जो गुण आहे, त्यात तोच गुण आहे असं जाणणं. शिंपल्याला चांदी समजलो, तर समोर काहीतरी आहे हे खरंच असतं. चूक प्रकारात असते. चूक शोधताना हा फरक उपयोगी पडतो. गोष्ट चुकीची धरली, की गोष्ट बरोबर धरून गुण चुकीचा लावला?

'किती' हा शब्द बहुतेक वेळा गाळलेला असतो. 'गावभागात पाणी येतं' यात सगळा गावभाग की काही गल्ल्या? 'सगळे', 'काही', 'एकही नाही' यांपैकी एक शब्द वाक्यात घालूनच पुढे जा.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. सगळी विधानं उद्देश्य-विधेय जोडूनच होतात, असं शेकडो वर्षं मानलं गेलं. १८७४ मध्ये ब्रेंटानो नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने ते नाकारलं. त्याच्या मते निवाडा म्हणजे जोडणी नाहीच. एखादी गोष्ट स्वीकारणं किंवा नाकारणं एवढाच त्याचा गाभा. वर्गात हे सांगताना मी फळ्यावर 'उजाडलं' लिहिते. कोण उजाडलं? कुणीच नाही. मराठी व्याकरण याला भावकर्तरी म्हणतं. 'उजाडलं', 'सांजावलं', 'गडगडतंय' ही पूर्ण विधानं आहेत, खरी-खोटी ठरतात, आणि त्यांच्यात उद्देश्य शोधून सापडत नाही.

वाक्याला 'म्हणे' लावा

माझ्या मते सगळ्या रीतीत हीच पायरी महत्त्वाची, आणि हीच आपण गाळतो.

१८७९ मध्ये फ्रेगे नावाच्या जर्मन गणितज्ञाने तर्काची एक नवी चिन्हलिपी छापली. त्यात आशयासाठी एक आडवी रेघ होती. तो आशय खरा आहे असं आपण म्हणत असलो, तरच तिच्या डाव्या टोकाला एक छोटी उभी रेघ यायची. उभी रेघ नसेल तर आशय नुसता समोर मांडलेला आहे, त्याला कुणी हमी दिलेली नाही. त्या काळी हे फार मोठं पाऊल होतं, कारण आशय समजणं आणि तो खरा मानणं या दोन गोष्टी कागदावर डोळ्यांना वेगळ्या दिसू लागल्या. पुढे १९१८ मध्ये त्याने तीन टप्पे मांडले: विचार समजणं, तो खरा असल्याचं मानणं, आणि ते मानणं बोलून दाखवणं.

आपल्या भाषेत ती उभी रेघ पुसायचं साधन तयार आहे. 'पाणी वाढतंय' आणि 'पाणी वाढतंय म्हणे' यांत आशय तोच, पण दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याने हमी काढून घेतली. उलट 'येणारच' यातला 'च' ती रेघ दुप्पट जाड करतो. पुराच्या दिवसांत मोबाईलवर धरणाच्या विसर्गाचे जे निरोप फिरत होते, त्यांतल्या बहुतेकांचं 'म्हणे' वाटेत गळून पडलं होतं. पहिल्याने 'सोडणार आहेत म्हणे' लिहिलं, तिसऱ्याने 'सोडणार आहेत', पाचव्याने 'सोडलं'.

तेव्हा वहीतल्या वाक्यापुढे 'म्हणे' लिहा: 'पाणी उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हणे.' मग लगेच प्रश्न येतो, कोण म्हणे? आणि कशावरून? वाक्य आपलं राहत नाही, टेबलावर ठेवलेली वस्तू होते, चारी बाजूंनी बघता येते. जर-तर वाक्यांतही सावध राहा. 'धरणातून आणखी सोडलं तर रस्ता बंद होईल' असं कुणी म्हणालं, तर त्याने सोडल्याचंही सांगितलेलं नाही आणि बंद झाल्याचंही नाही. त्याची हमी फक्त दोन्हींमधल्या दुव्याची आहे. घाबरलेल्या माणसाच्या कानाला मात्र त्यातलं 'तर' ऐकू येत नाही.

संशय नेमका करा

संशय म्हणजे नुसती धाकधूक नव्हे. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, गौतमाने सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, मोजले, त्यांत संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. म्हणजे संशयाला शास्त्रात हक्काची जागा आहे. त्याची व्याख्या 'विशेषापेक्षो विमर्शः' अशी आहे: विशेष काय ते कळण्याची अपेक्षा असलेला विचार. संधिप्रकाशात लांब काहीतरी उभं आहे, खांब की माणूस? दोघांची उंची सारखी, म्हणून संशय. हात हलला की माणूस. तो हलणारा हात म्हणजे 'विशेष'.

वहीत लिहा: कोणती एक गोष्ट कळली तर हा प्रश्न सुटेल? आमच्या बाबतीत तीन गोष्टी होत्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी किती, ती तासाला किती वाढते आहे, आणि पुलावर किती फूट असताना पाणी आमच्या उंबऱ्याला लागतं. पहिल्या दोन गोष्टी गावाला माहीत असतात. पुराच्या दिवसांत सांगलीत माणसं एकमेकांना नमस्काराऐवजी फूट विचारतात. चाळीस फुटांना इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका पातळी, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. तिसरी गोष्ट मात्र आमची आम्हीच काढायला हवी होती. २००५ ला पूल ५४ फुटांच्या जवळपास होता आणि आमच्या दोन पायऱ्या, म्हणजे साधारण सव्वा फूट, शिल्लक होत्या. म्हणजे ५५ च्या थोडं वर गेलं की पाणी घरात. ही बेरीज करायला अर्धं मिनिट लागतं. २०१९ ला पातळी ५७ च्या वर गेली. भिंतीवर खूण होती, पण त्या खुणेशेजारी पुलाचा आकडा लिहावा हे चौदा वर्षांत आमच्या कुणाच्या मनात आलं नाही.

पाचही अवयव मोठ्याने म्हणा

आपण कारण सांगतो तेव्हा बहुधा दोनच तुकडे बोलतो. 'पाणी येणार नाही, कारण २००५ ला आलं नव्हतं.' न्यायदर्शन पाच अवयव मागतं: प्रतिज्ञा (जे म्हणायचं ते), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते समोरच्या गोष्टीला लावणं), निगमन (निष्कर्ष). पहिले दोन आपण बोललो. तिसरा बोलून बघा, नियमासकट: 'मागच्या मोठ्या पुरात जिथे पाणी आलं नाही, तिथे पुढे कधीच येत नाही, जसं की...'

जसं की काय? इथे जीभ अडखळते, आणि ती अडखळावी यासाठीच हा अवयव आहे. २००५ ला ज्यांच्या घरांत पाणी शिरलं, त्यांतल्या कित्येकांच्या घरांत त्याआधी कधीच शिरलं नव्हतं. म्हणजे हेतू आहे पण साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, नाही, अशी उदाहरणं आपल्याच गल्लीत आहेत. याला सव्यभिचार हेत्वाभास (फसवं कारण) म्हणतात: एका दारी न राहणारा हेतू. मी दरवर्षी हा शब्द फळ्यावर लिहिते आणि तेच ठरलेलं पुस्तकी उदाहरण देते. त्या दिवशी ओट्यावर पाच वाक्यं मोठ्याने म्हटली असती, तर तिसऱ्याला थांबले असते.

म्हणताना खरंच आवाज काढून म्हणा. मनातल्या मनात उदाहरणाची जागा आपण रिकामी सोडून पुढे सरकतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

दुसरी बाजू

गौतमाने निर्णयाची व्याख्या दिली आहे: विमृश्य पक्षप्रतिपक्षाभ्यामर्थावधारणं निर्णयः. संशय घेऊन, पक्ष आणि प्रतिपक्ष यांच्या आधारे अर्थ निश्चित करणं म्हणजे निर्णय. तेव्हा वहीच्या उजव्या पानावर विरुद्ध वाक्य लिहा आणि त्याचीही पाच वाक्यं करा. दुसऱ्या बाजूला बळ देऊन लिहा. पाडण्यासाठी उभी केलेली बाजू पाडून काही कळत नाही. सत्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडणं ही वितंडा. घरातल्या चर्चा कोणत्या खात्यात जातात ते ज्याचं त्याने ठरवावं.

न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन एक शहाणी सूट देतो. प्रत्यक्ष दिसतं तिथे निर्णयाला संशयाची वाट चालावी लागत नाही. पाणी उंबऱ्याशी दिसलं की वही मिटायची.

याच कृष्णेच्या काठी, वर वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखी माणसं ही शास्त्रं शिकली आणि त्यांनी ती मराठीत आणली. आपल्याला हे शब्द परके वाटू नयेत.

'हो' किती घट्ट म्हणायचं

प्राचीन ग्रीसमधल्या स्टोइक पंथाचा झेनो हे हाताने दाखवायचा, असं रोमन लेखक सिसेरोने लिहून ठेवलं आहे. उघडा पंजा: हे नुसतं भासलं. बोटं थोडी वळवली: ही मान्यता. मूठ आवळली: हे नीट आकळलं. मग दुसऱ्या हाताने ती मूठ घट्ट धरायची: हे ज्ञान, आणि ते शहाण्यालाच. मी वर्गात मुलांकडून हे करवून घेते आणि घरीही करते. बातमी ऐकताना आपला हात कोणत्या अवस्थेत आहे, हे बघायची सवय लावून घ्या. बहुतेक वेळा उघडा हवा तिथे आवळलेला असतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ च्या 'चिंतनं' या ग्रंथात चुकांचं मूळ इथेच दाखवलं. आपल्या समजेला मर्यादा आहेत, इच्छेला नाहीत. समज पोचली नाही तिथेही इच्छा 'हो' म्हणून मोकळी होते. उपाय त्याने सांगितला तो साधा आहे: स्पष्ट दिसत नाही तोवर मान्यता राखून ठेवा.

पण दारात पाणी असताना राखून किती ठेवणार? इथे माझी जी गफलत झाली ती मला उलगडायला फार वेळ लागला. 'पाणी येईल का' आणि 'पुस्तकं वर न्यायची का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला बांधून टाकलं होतं. पाणी येणार असं पटत नाही, मग उचलायचं कशाला, असा तो हिशोब. देकार्त स्वतः हा फरक ओळखून होता. १६३७ च्या लेखनात तो म्हणतो की जगण्यातल्या कामांना थांबायला सवड नसते, तिथे सगळ्यांत संभाव्य दिसेल ते धरून ठामपणे चालावं. रानात वाट चुकलेल्याने एका दिशेने सरळ चालत राहावं, तसं. मी त्यात एवढीच भर घालेन: नुकसान कोणत्या बाजूला जास्त आहे तेही लिहा. पुस्तकं उगाच वर नेली तर दोन तासांचे कष्ट. उगाच खाली ठेवली तर पंधरा वर्षांच्या वह्या. हे समोर असल्यावर पाण्याबद्दल काहीही न ठरवता पुस्तकं उचलता येतात. मूठ उघडीच ठेवून हात कामाला लावता येतो.

नियम आणि समोरची वस्तू

इतकं सगळं करूनही एक जागा उरते आणि तिथे कोणतीही वही पुरत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये ती दाखवली. नियम शिकवता येतात, पण हा नियम समोरच्या या गोष्टीला लागू होतो की नाही, हे ठरवायला पुन्हा नियम दिला, तर तो लावायला आणखी एक लागेल. त्यामुळे वैद्य, न्यायाधीश किंवा राज्यकर्ता यांच्या डोक्यात उत्तम नियम भरलेले असूनही ते लावताना तो ठेचकाळू शकतो. ही निवड करायची शक्ती उपजत असते, ती कमावायची तर सरावानेच, असं त्याचं म्हणणं. उदाहरणांना तो निवाड्याचा पांगुळगाडा म्हणतो.

माझं माहेर हळदीचं, त्यामुळे हे मला पुस्तकाआधी दिसलं होतं. यार्डात सौद्याच्या वेळी व्यापारी पोत्यात हात घालतो, एक हळकुंड उचलतो, मोडतो, आत बघतो, टाकतो. आतून रंग गडद हवा, मोडताना टणक हवं, ओल नको, हे नियम मला दहाव्या वर्षी पाठ होते. वडील एकदा म्हणाले, "सांग बघू, कसली आहे?" मी मोडलं, रंग चांगला होता, मी म्हणाले "चांगली." त्यांनी त्याच पोत्याच्या तळातून दुसरं काढून दिलं. ते मोडताना आवाज आला नाही, नुसतं वाकल्यासारखं झालं. "वरचं वाळलंय. तुला नियम येतो, पोतं येत नाही." मग त्यांनी मला सबंध हंगामभर रोज वीस-वीस हळकुंडं मोडायला लावली, प्रत्येक वेळी आधी तोंडाने सांगायचं, मग मोडायचं. आधी सांगायचं हे महत्त्वाचं. मोडल्यावर सगळ्यांनाच सगळं माहीत असतं.

निवाड्याचा सराव असाच करा. रोज एक छोटं भाकीत लिहा, ताडून बघा. बस वेळेवर येईल का, भाजी महाग असेल का, मुलगा किती वाजता परतेल. शेजारी झेनोचा हात लिहा: पंजा, वळलेली बोटं, मूठ. महिन्याने पान उलटून मुठी किती चुकल्या ते मोजा. माझ्या पहिल्या महिन्यात बऱ्याच चुकल्या, आणि जवळजवळ सगळ्या घरच्या माणसांबद्दलच्या होत्या.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. अण्णा ओट्यावर उभे होते, पण या वेळी भिंतीवरच्या खुणेशेजारी त्यांच्याच अक्षरात पुलाचे फूट लिहिलेले होते. "अण्णा, काय वाटतं?" मी विचारलं. ते म्हणाले, "वाटतं ते सांगत नाही. तू आकडा बघ." आम्ही संध्याकाळीच सगळी पुस्तकं माडीवर नेली. पाणी वरच्या पायरीशी येऊन थांबलं, आत आलं नाही. नंतर वहिनी म्हणाल्या, "उगाच हलवलंत की हो सगळं." मी त्यांना वहीतलं त्या दिवशीचं पान दाखवलं. डावीकडे 'पाणी आत येईल म्हणे', शेजारी उघडा पंजा. खाली वेगळ्या ओळीत: 'पुस्तकं वर. दोन तास.'